ढापे काढले त्या दिवशी

दौंडच्या बाजारात भावाच्या बोलीत मला कोणी हरवलेलं आठवत नाही. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज मासळीचा गाळा आहे. मासा घेताना कल्ला उचलून बघायचा, लाल असेल तरच बोलायचं.

त्या उन्हाळ्यात शिरूरच्या बाजूला, भीमेच्या बंधाऱ्यावर कल्ला बघायची वेळच आली नाही. पाणी काळं, वर फेस आणि काठाला चिलापी, कटला पांढरी पोटं वर करून पडलेले. चिखलात तग धरणारी वामसुद्धा मेली होती. मी ज्यांच्याकडून मासा घ्यायचो ते मामा होडीत कोरडं जाळं घेऊन बसले होते.

"काय मामा?"

"आज फुकाट हाय. ने किती न्यायचा त्यो."

शहराची घाण वरून येते आणि बंधाऱ्यात कुजते, हे शेंबड्या पोराला कळतं. पाहणीला आलेला पाटबंधारे खात्याचा साहेब मात्र नाकाला रुमाल लावून मामांकडे बघत म्हणाला, "मासे मारायचं औषध कुणी टाकलं पाण्यात?" हे अंगावर आलं तर मामांचं जाळं कायमचं बंद.

माझं टाळकं फिरलं. "आधी नमुना घ्या पाण्याचा!"

"नमुनेवाले येतील सवडीनं."

"मग गावानं तोवर हा वास खायचा? बंधाऱ्याचे ढापे काढा, घाण वाहू द्या. न्हाईतर ही मासळी तुमच्या जीपमध्ये भरतो."

साहेबानं जरा नाही-नाही केलं, फोन लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरं, तुमच्या शब्दाखातर."

गावानं माझी पाठ थोपटली. पोरांनी आकडे लावून पाणी अडवणारे लोखंडी ढापे उपसले. काळं पाणी मेलेल्या माशांसकट खाली धावलं. मामा तेवढे हलले नाहीत.

"लई लवकर उतरला रं भाव," एवढंच म्हणाले.

मी हसलो. जिंकलो होतो ना!

वरून धरणाचं आवर्तन सुटणार हे साहेबाला ठाऊक होतं. नमुनेवाले आले तेव्हा नदीत ताजं पाणी खेळत होतं. तेच त्यांनी बाटलीत भरलं. अहवाल आला, पाणी ठीक. आम्ही सोडलेल्या घाणीनं खालच्या बंधाऱ्यातही मासे मेले, तर साहेब म्हणाला, "बघा, औषध टाकणारी हीच टोळी तिकडंही गेलेली दिसते." मामांना जाळं टाकायची बंदी झाली. पुरावा मी स्वतः, आरडाओरडा करून, वाहून जाऊ दिला होता.

आता मामा माझ्याच गाळ्यावर बाहेरून आलेला बर्फातला मासा साफ करतात. गिऱ्हाईक विचारतं, "भीमेचा नाही ना?" मी नाही म्हणतो आणि दात खातो.

परवा एक व्यापारी पहिल्याच बोलीला खाली आला. मी माशांच्या पेटीला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"थांब रं. आधी इचार, ह्यो का उतरला."

मी पेटी तशीच ठेवली आणि कल्ला उचलला.