नाव माजं, बिल माजं नाय

माझ्या मावससासूबाईंनी आयुष्यात कुठलाही आकडा पहिल्या फटक्यात मान्य केलेला नाही. समोरच्याने सांगितलेली रक्कम ही त्यांच्या दृष्टीने बोलीची सुरुवात असते, मग ती भाजीवाल्याने सांगितलेली असो, रिक्षावाल्याने असो, नाहीतर सरकारने. बायकोची मावशी म्हणून मीही त्यांना मावशीच म्हणतो. मावशींचं सगळं आयुष्य करंजाच्या बंदरावर मासळीच्या लिलावात गेलं. होड्या धक्क्याला लागल्या की पाट्यांमधून पापलेट-सुरमई उतरायची आणि मावशी मधोमध उभ्या राहून भाव पुकारायच्या. ती सवय पुढे अंगातून गेलीच नाही. एकदा मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं आणि काळजीच्या सुरात आकडा सांगितला. मावशी म्हणाल्या, "लय सांगितलंत डाक्टर. जरा कमी करा." डॉक्टर म्हणाले, "तेच तर करायचंय." मावशी माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाल्या, "बगा जावयबापू, तयार जाला."

दुसरी गोष्ट त्यांच्या आवाजाची. होडीच्या इंजिनांवरून पलीकडे पोचेल असा आवाज त्यांनी कमावला होता आणि तो लहान करण्याचं बटण त्यांच्यापाशी नव्हतं. मावशींनी माझ्या बायकोच्या कानात माझ्याविषयी सांगितलेल्या कित्येक खासगी गोष्टी मी जिन्यात उभा राहून ऐकलेल्या आहेत. नवरा गेला, होडी विकली, मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. त्याने आईसाठी पनवेलला, उरण नाक्याच्या जवळ, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. हाकेच्या अंतरावर असं मी म्हणतो ते मावशींच्या हाकेचं. त्या हाका मारतात आणि आम्ही जातो. मधे एक रस्ता आणि एक मंगल कार्यालय आहे.

फ्लॅटमध्ये आल्यावर मावशींना सगळ्यात अनावश्यक वाटली ती वीज. एक बल्ब, एक पंखा आणि मुलाने आग्रहाने बसवलेला लहानसा टीव्ही, एवढाच त्यांचा विजेशी संबंध. फ्रीज त्यांनी दारातून परत पाठवला होता. "मासा एकदा मरतो," त्या म्हणाल्या, "त्याला फ्रीजात घालून रोज कशाला मारायचा?" टीव्हीवर मालिका लागली की त्या आधी बल्ब घालवायच्या, कारण टीव्हीचा उजेड पडतोच आहे, तर आणखी कशाला. अशा या मावशींच्या इमारतीतले जुने मीटर काढून एका उन्हाळ्यात नवे बसवले गेले, आणि पुढच्या महिन्यात मावशींना बिल आलं ते एखाद्या बर्फाच्या कारखान्याला यावं तसं.

मावशींनी हाक मारली. मी गेलो. बिल माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "ह्या कोनाचं हाय?"

"तुमचंच आहे मावशी. नाव तुमचं आहे वर."

"नाव माजं हाय," मावशी म्हणाल्या, "बिल माजं नाय."

मला वाटलं होतं, आता त्या घासाघीस सुरू करतील. पण विजेच्या ऑफिसात खिडकीपाशी उभ्या राहिल्यावर त्यांनी एक पैसाही कमी करायला सांगितला नाही. मी नवलाने कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कोन जास्त बोलला तर त्याला खाली आनता येतं. जो खोटं बोलतो त्याच्याशी भाव काय करायचा?"

खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसऱ्या खिडकीने वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्याने फोनवर तक्रार नोंदवायला सांगितलं. फोनवर एक मुलगी अतिशय गोड आवाजात मराठीसाठी एक दाबा म्हणाली. मावशींनी तिला ती कोणाची, गाव कुठलं, जेवली का, असं सगळं विचारलं. ती पुन्हा एक दाबा म्हणाली. "पोर कामात हाय," असं म्हणून मावशींनी फोन ठेवला. मी दुसऱ्यांदा फोन लावून तक्रार नोंदवली, तर दोन दिवसांत मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. मावशींना तो वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "कोनाचं समाधान जालं?"

मग मीटर तपासणीचा अर्ज केला. मीटर तपासला गेला आणि त्यात कसलाही दोष निघाला नाही. मग घराची तपासणी करायला एक माणूस आला. त्याने बल्ब, पंखा आणि टीव्ही पाहिला, मग एसी कुठे आहे म्हणून विचारलं. मावशींनी भिंती दाखवल्या. त्याने पलंगाखाली वाकून एक मोठा डबा ओढला आणि झाकण उघडलं. आत सुके बोंबील होते. तो पुढची पाच मिनिटं शिंकत होता, आणि मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पण ऑफिसातल्या साहेबांनी त्याच्या अहवालाचा अर्थ असा लावला की बाईंनी एसी आधीच हलवला. ते रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आजी, वापर झाल्याशिवाय मीटर फिरत नाही. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

रिक्षात मावशी बिलाची घडी घालत आणि उलगडत राहिल्या. घर आलं तेव्हा म्हणाल्या, "एवढी वर्षं बंदरावर बसले जावयबापू. भावात कोनाला सोडलं नाय, पन सडकी मासली ताजी म्हनून कदी इकली नाय. ह्या मानसानं मना खोटी पाडली."

या सगळ्यात जखमेवर मीठ चोळायला त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. हे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांच्याकडे प्रत्येक खोलीत एसी, दोन फ्रीज आणि माशांची एक काचेची टाकी, जिच्याकडे मावशी नेहमी जरा वेगळ्या नजरेने बघायच्या. नवे मीटर बसल्यापासून सेक्रेटरींचं बिल एकदम खाली आलं होतं. त्यांनी घरातले सगळे दिवे बदलून कमी विजेचे लावले होते, आणि हा त्याचाच परिणाम अशी त्यांची खात्री पटली होती. ते रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वीजबचतीचा एक विचार पाठवायचे. वार्षिक सभेत त्यांनी या विषयावर भाषणच केलं आणि भाषणाच्या शेवटी मावशींकडे बघून म्हणाले, "शिस्त लागते मावशी. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, एवढं जरी केलंत ना, तरी फरक पडेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींचा शाल देऊन सत्कारही झाला. मावशी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

पुढची बिलंही तशीच आली आणि मावशींनी एकही भरलं नाही. वीज तोडण्याची नोटीस आली. ऑक्टोबर महिना होता, पनवेलच्या उकाड्यात पंख्याखालीसुद्धा जीव नको व्हायचा. बायको म्हणाली, आपण गुपचूप भरून टाकू. मी मावशींना तसं विचारलं. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "तुमी भरलंत तर मी वापरली असं व्हईल. अंधारात ऱ्हाईन. खोटी नाय ऱ्हानार."

ठरल्या दिवशी भर दुपारी दोन लाइनमन आले. मी रजा काढून तिथेच होतो. दोघेही बिचारे घामाने निथळत होते. मावशींनी त्यांना कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं काम तुमी करा पोरांनो, माजा तुमच्यावर राग नाय." ते जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. मावशी पंख्याखाली खुर्ची ओढून बसल्या आणि वर बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. बाहेरून एक लाइनमन ओरडला, "काढली हो."

पंखा फिरत होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पुन्हा वर पाहिलं. पंखा चांगला फिरत होता. तेवढ्यात वरच्या मजल्यांवर कुठेतरी चाललेली क्रिकेटची कॉमेंट्री बंद पडली. एक दार उघडलं, जिन्यात सपाता वाजल्या आणि बनियनवर सेक्रेटरी खाली आले. "काय चाललंय? माझी लाईट गेली."

लाइनमनने मीटरवरचं नाव वाचलं. मावशींचंच होतं. त्याने डोकं खाजवलं आणि वायर पुन्हा जोडली. वर कॉमेंट्री सुरू झाली. त्याने वायर काढली. कॉमेंट्री थांबली. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना विजेतलं काही कळत नाही, आजही कळत नाही, पण बंदरावर पाटी पलटी झाली की खालचा माल दिसतो, एवढं त्यांना चांगलं ठाऊक होतं. "थांब रे बाला," त्या म्हणाल्या, "मानसं येऊंदे."

आणि त्यांनी हाक मारली. करंजाचा धक्का सोडल्यानंतर इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी पुरा लावलाच नव्हता हे मला त्या दिवशी कळलं. सगळे मजले खाली आले. समोरच्या मंगल कार्यालयातले आचारी आले. मावशींनी लाइनमनला खूण केली. वायर काढली, दुसरा मजला गप्प. वायर लावली, दुसरा मजला बोलायला लागला. आणि मावशींच्या उघड्या दारातून सगळ्यांना दिसत होतं की आतला पंखा या कशाचीही दखल न घेता फिरतो आहे. नवे मीटर बसवताना दोन घरांच्या वायरींची अदलाबदल झाली होती. एवढे महिने मावशी सेक्रेटरींच्या सगळ्या एसींचं आणि माशांच्या टाकीचं बिल बघत होत्या आणि सेक्रेटरी मावशींच्या एका बल्बवर सत्कार घेत होते. यावेळी टाळ्या आचाऱ्यांनी सुरू केल्या.

आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा साहेबांनी बिलं रद्द करून दिली आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. मावशी खिडकीपासून हलेनात. "साहेब, मना चार मानसांत खोटी बोललात," त्या म्हणाल्या. "आता चार मानसांत खरी बोला." रांगेत बरीच माणसं होती आणि मावशींच्या आवाजामुळे रस्त्यावरचीही काही आत आली होती. साहेब खुर्चीतून उठले, बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "आजी खरं बोलत होत्या. चूक आमची होती." मावशींनी मान डोलावली आणि त्यांच्यासमोर ओल्या बोंबलांच्या वड्यांचा डबा उघडला.

खरी गंमत पुढेच. ती सगळी विजेची थकबाकी आता सेक्रेटरींच्या नावावर चढली. ते पडल्या चेहऱ्याने मावशींच्या दारात आले आणि हातातलं बिल पुढे केलं. मावशींनी पदर खोचला, चपला घातल्या आणि त्यांना घेऊन त्याच ऑफिसात गेल्या. हा आकडा खरा होता, म्हणजे आता बोली करायला त्या मोकळ्या होत्या. "मानूस येडा हाय साहेब, चोर नाय," असं त्यांनी सेक्रेटरींच्या समक्ष सांगितलं, आणि आठवडाभर रोज जाऊन त्यांना सोयीचे हप्ते पाडून घेतले. वीजबचतीचे विचार त्यानंतर ग्रुपवर आले नाहीत.

त्या शेवटच्या दिवशी निघताना मावशींनी साहेबांना सहज विचारलं, "पन एवढं म्हैने कोनाच्या ध्यानात कसं नाय आलं?" साहेब म्हणाले, "आता रीडिंग घ्यायला कोणी येत नाही आजी. नवे मीटर स्वतःच आकडा कळवतात."

घरी चालत येताना मावशी मला सांगत होत्या, की पूर्वी महिन्याच्या महिन्याला तो रीडिंगवाला यायचा. ओवे गावाकडचा होता. तळमजला म्हणून त्यांच्याकडे पाणी मागायचा, दारातच पाच मिनिटं टेकायचा, आईच्या गुडघ्यांचं सांगायचा. त्याचं लग्न ठरत नव्हतं, मावशींनी करंजातली दोन स्थळंही त्याला सुचवली होती. मग मीटर बदलले आणि तो यायचा थांबला.

"जालं असल लगीन आता," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून गेल्यावर, त्यांच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाल्या, "मीटर सोताच बोलतो ते बरं हाय जावयबापू. पन त्याला पानी इचारता येत नाय."