लग्नाला आलेला मामा

माझ्या लेकीच्या लग्नात मामा नाही, हे मला सहनच होणार नव्हतं. मंगलाष्टकांच्या आधी भटजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामानं मुलीले घेऊन या." अख्खा मांडव वळून बघतो. तिथं चुलतभाऊ उभा करायचा? माझा सख्खा भाऊ जिवंत असताना?

तो सहा वर्षांपासून अमेरिकेत. बायको तिथेच, पोरगी तर तिथेच जन्मलेली. त्यानं त्या सरकारकडे आसरा मागितला होता आणि अर्ज अजून लटकलेला होता. का मागितला, ते मी कधी विचारलं नाही. "ताई, कागद झाल्याबिगर येनं बरोबर नाही," तो फोनवर म्हणाला. मी भडकलेच. "सहा वर्सं कोनते कागद होऊन राह्यले रे? मंगरूळपीरच्या तहसीलीतबी एवढा टाइम लागत नाही. येनं नसन तर तसं सांग, मी समजीन मले भाऊच नाही." आणि फोन आपटला. माझा स्वभावच मेला तसा, आधी बोलते आणि मग रडते.

आला बिचारा. प्रवासाची परवानगी काढून आला. परवानगी मिळाली म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. आठ दिवस राहिला, डीजेपुढे घामाघूम होईस्तोवर नाचला. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. भाचीला धरून तो मांडवात आला, तेव्हा माझा ऊर भरून आला.

तो परत निघाला आणि दोन दिवसांनी भावजयीचा फोन आला. "ताई, तुमच्या भावाले इथल्या विमानतळावरच अडवलं. वापस पाठवून राह्यले."

"काहून? चोरी केली का त्यानं?"

"गावात जीव जाईन म्हनून आसरा मांगतला, अन् त्याच गावात लग्नाले जाऊन आले. मंग भेव कायचं, म्हनते इथले सायब. अर्ज गेला, ताई. आता यायले इकडं येता येत नाही. आमी दोघी इथं कशा राहू?"

जीव जाईल? आमच्या गावात? "अवं, कोन मारते त्याले?"

ती हळूच म्हणाली, "वकिलानं सांगतलं, घरातला मानूस लिवा, खरं वाटते. यायनं भाऊजीचं नाव लिवलं. वावराच्या भांडनातून जिवानं मारतीन म्हनून."

शेतापायी जीव घेईल? माझा नवरा! ज्यानं आजवर कोंबडी कापली नाही, तो! भावाचा असा संताप आला, की समोर असता तर थोबाडीत दिली असती. आणि त्याला बोलावलं कोणी? मीच ना!

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही. भाऊ परत आला, तेव्हा हाच मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेला, मेव्हण्याला घरी आणलं, जेवायला बसवलं. "होईन सारं बरोबर, तू जेव बरं," म्हणत स्वतः वाढत होता. भाऊ मान वर करत नव्हता.

तेवढ्यात भावाच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. त्याची पाच वर्षांची पोरगी. भावाचे हात खरकटे, म्हणून नवऱ्यानंच उचलला. "काय वो माय, पप्पाची याद आली का?"

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाच्या फोटोंतून तिनं त्याला ओळखलं असणार, आणि घरातलं बोलणंही ऐकलेलं असणार. मग तिनं दोन्ही हात जोडले.

"वावर तुमीच घ्या," ती म्हणाली. "माह्या पप्पाले मारू नका."