गेणूला आलेला ताप

ओतूरच्या पेठेत खेमचंद शेटचं कापडाचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या गादीवर बसून शेट गेली बारा वर्षं एका सहलीची व्यवस्था बघत आले आहेत. सहल तशी साधी. सकाळी फिरायला जाणारी आठ-नऊ मंडळी फाल्गुनातल्या एका रविवारी एसटीने मढला जायची, गावामागचा डोंगर चढायची, वरच्या दगडी टाक्यापाशी डबे उघडायची आणि दिवस मावळायच्या आत घरी यायची. दिवस मावळायच्या आत अशासाठी, की शेट सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तारीख शेट ठरवायचे, एसटीच्या वेळा शेट काढायचे, फोन शेट करायचे, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्यांची आठवणसुद्धा शेटच द्यायचे. एवढं सगळं करून गावात त्या सहलीचं नाव काय, तर ‘गेणूची सहल’.

गेणू मढचा. थोडी भातशेती, दोन म्हशी, घरात म्हातारी आई कुशाबाई. डोंगर त्याच्या पायाखालचा, त्यामुळे पुढे चालायचा तो. त्याच्या मागे इतर सगळे, आणि सगळ्यांच्या मागे, पोट सांभाळत, धापा टाकत, व्यवस्थापक. उतरल्यावर गेणूच्या ओसरीवर चहा व्हायचा. बारा वर्षांत त्या घराशी शेटचं नातं असं जमलं होतं, की कुशाबाई त्यांच्यासाठी कांदा-लसणाचा हात न लागलेली भाजी वेगळ्या तव्यावर करायची, आणि ओतूरचा बाजार असला की गेणू शेटच्या गादीच्या कडेला बसून चहा प्यायचा. दुकानात इतर कुणी गादीला टेकलेलंही शेटला चालत नसे.

पण मंडळीत रामनाथ गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाले तरी पोरांना चिमटे काढायची सवय गेली नव्हती, आणि आता हाताशी पोरं नसल्यामुळे ते शेटना काढायचे. दरवर्षी टाक्यापाशी डबा उघडला की गुरुजी म्हणायचे, “शेट, गेणू नसता ना, तर तुम्ही आम्हाला थेट घाटाखाली टोकावड्याला नेऊन सोडलं असतं!” सगळे हसायचे. शेटही हसायचे. पण बाराव्या वर्षी ते हसणं जरा वरवरचं झालं. एकदा तरी, फक्त एकदा, आपण पुढे चालायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यातून ते यंत्र आलं. हातात धरायचं, उपग्रहांकडून जागा विचारून घेणारं, बाण दाखवणारं.

“पप्पा, मोबाईलमध्ये आहे की हे,” मुलगा संयम म्हणाला.

“मोबाईलला रेंज लागते.”

“नाही लागत. नकाशा आधी उतरवून ठेवायचा.”

“आणि बॅटरी उतरली म्हणजे? डोंगरावर कुणाच्या घरी पिन लावू?”

यानंतर शेट तीन आठवडे निवड करत बसले. लग्नाचा शालू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानंसुद्धा इतके गठ्ठे उलगडायला लावले नसते. बोट फिरवून चालणारं यंत्र नापास झालं, कारण चाळीस वर्षं कापड चाचपून शेटच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की काचेला त्यांचा स्पर्श कळतच नसे. पिन लावून चार्ज करावं लागणारंही नको. बटणांचं हवं, आणि पेन्सिल सेलवर चालणारं हवं, म्हणजे मढच्या किराणा दुकानातही सेल मिळतील. शेवटी एक आलं. साबणाच्या वडीएवढं, पिवळंधमक, मनगटात अडकवायला दोरी. शेट रोज ते गच्चीवर नेऊन आभाळाकडे धरून उभे राहायचे. झमकूबाई, म्हणजे शेटीणबाई, जिन्यातून म्हणाल्या, “मला तीस वर्षांत एकदा गच्चीवर नेलं नाही. ह्याला बरं रोज नेता.”

पौषात शेट एकटेच मढला गेले. “गेणू, जरा टाक्यापर्यंत नेऊन आण. संयमला वाट दाखवायचीय,” म्हणाले. संयमला त्या वाटेत काडीचा रस नव्हता. शेटना ती वाट यंत्रात भरून घ्यायची होती, आणि पुढच्या वेळी गेणूला न बोलावता जायचं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही. गेणूनेही विचारलं नाही. उलट प्रत्येक वळणावर तो थांबायचा, दगडावरचा पाला झटकून शेटना बसायला द्यायचा आणि म्हणायचा, “हितं दाबा शेट. हितं नवा मानूस हमखास फसतो.” शेट बटण दाबायचे. अशा सतरा जागा झाल्या.

घरी येऊन शेटनी त्या सतरा जागांना नावं दिली. आता शेटची पद्धत अशी, की फोन उचलला तर आधी ‘जय जिनेंद्र’, चिठ्ठी लिहिली तर वर ‘जय जिनेंद्र’. मग यंत्रातली नावं तरी उघडीबोडकी कशी ठेवायची? एकेक इंग्रजी अक्षर बटणाने शोधत त्यांनी भक्तिभावाने लिहिलं: जय जिनेंद्र उंबर. जय जिनेंद्र घळ. जय जिनेंद्र तुटका बांध. या कामात दोन संध्याकाळी गेल्या.

फाल्गुनातला रविवार उजाडला. एसटी स्टँडवर मंडळी जमली. शेटची सून रीनाही होती; तिचं औषधाचं दुकान, त्यामुळे प्रथमोपचाराची पिशवी तिच्याकडे.

“पप्पा, गेणूभाऊंना फोन केला होता ना?” तिने सहज विचारलं.

शेटनी या प्रश्नाची तयारीच केली नव्हती. तीन आठवडे यंत्र निवडलं, दोन संध्याकाळी नावं लिहिली, पण हा प्रश्न येईल हे काही सुचलं नव्हतं.

“त्याला ताप आहे,” ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण तोवर सगळे “अरेरे” म्हणून मोकळे झाले होते आणि गाडी लागली होती.

गेणूच्या दारावरून जायचं नव्हतं, म्हणून शेटनी सगळ्यांना मढच्या अलीकडच्या फाट्यावर उतरवलं. “इकडून चढ सोपा आहे,” म्हणाले. यंत्र हातात धरून ते पुढे निघाले, आणि पहिला एक तास फार छान गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांपुढे कुणाची पाठ नव्हती. गुरुजी मागून ओरडले, “शेट, जरा हळू!” हे शब्द कानात साठवून ठेवावेत असं शेटना वाटलं.

मग तीन घळी आल्या. गेणूची वाट यातल्या एकीतून वर जायची. शेटनी यंत्रातली यादी उघडली. छोट्या पडद्यावर नावं मावत नव्हती, म्हणून यंत्राने प्रत्येकाचं शेपूट कापलं होतं. शेटनी खाली खाली जात सगळी यादी पाहिली. जय जिनेंद. जय जिनेंद. जय जिनेंद. सतरा वेळा.

“पप्पा, सगळ्यांना एकच नाव दिलंय?” रीना खांद्यावरून डोकावत म्हणाली.

“पुढे वेगळं आहे ना,” शेट पुटपुटले. “पुढचं दिसत नाही.”

“म्हणजे या डोंगरात सगळीकडे तुमचे पाहुणेच राहतात,” गुरुजी म्हणाले.

शेटनी अंदाजाने एक जय जिनेंद्र निवडला. बाण उठला आणि ठामपणे एका बाजूला वळला. त्याच्यामागे मंडळी अर्धा तास करवंदीच्या जाळ्यांतून गेली आणि कड्यावर येऊन थांबली. बाण कड्याच्या पलीकडे दाखवत होता. तीनशे मीटर फक्त, असं यंत्राचं म्हणणं होतं. ते सगळे तीनशे मीटर हवेचे होते. दुसरा जय जिनेंद्र निवडला, त्याने परत त्याच जाळ्यांत नेलं. एक वाजला. उकळलेलं पाणी संपलं. गुरुजींच्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि ते खडकावर बसले.

तेवढ्यात वरून पानांचा एक भला मोठा भारा चालत आला. भाऱ्याखाली कुशाबाई होती. भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजून घेतात, त्यासाठी ती पालापाचोळा गोळा करत होती.

“आगं बया! शेट?” तिने भारा टाकला. “हितं कुठं आलाय? ही तर ढोरांची वाट!”

शेट काही बोलायच्या आत रीना पुढे झाली. “आजी, बरं झालं भेटलात. गेणूभाऊंचा ताप कसा आहे?”

कुशाबाईने रीनाकडे पाहिलं. मग शेटकडे पाहिलं. शेट यंत्राकडे पाहत होते. सेल उतरून पडदा कधीच काळा झाला होता, तरी पाहत होते.

“बरा हाय,” कुशाबाई म्हणाली. “उतरंल आता. चला घरला, पानी प्या.”

ती पुढे झाली. भारा तिथेच राहिला. शेट धडपडत तिच्या बरोबरीला गेले. बाकीचे गुरुजींना धरून मागून येत होते.

“कुशाबाई, मी...”

“आदी लोकान्ला पानी पिऊ द्या शेट.”

शेवटच्या वळणावरून घर दिसलं. गेणू उघड्या अंगाने छपरावर बसून फुटकी कौलं बदलत होता, आणि खणखणीत आवाजात कसलंसं गाणं म्हणत होता. कुशाबाईने तिथूनच हाक घातली, “आरं गेणू! तापाचा मानूस तू, उनात कशापायी बसलायस? खाली उतर, घोंगडी घी आंगावर!”

गेणूचं गाणं थांबलं. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या शेटकडे पाहिलं, लांबून येणाऱ्या मंडळींकडे पाहिलं. हातातलं कौल त्याने जागेवर ठेवलं. शिडीवरून उतरला, दोरीवरची घोंगडी ओढली, डोक्यावरून घेतली आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसला. मंडळी अंगणात आली तेव्हा तो एकदा खोकलाही. ताप की खोकला, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

फाल्गुनातली दुपार ती. घोंगडीखाली गेणूच्या कपाळावरून घाम निथळत होता.

“घाम सुटला म्हणजे उतरतोय,” गुरुजी मायेने म्हणाले. “शेट सकाळीच म्हणाले तुला बरं नाही म्हणून.”

“व्हय,” गेणू म्हणाला. “लई आंग मोडून आलं.”

आत कुशाबाई पाणी गाळून चुलीवर ठेवत होती. बाकीच्यांना तिने हंड्यातलं दिलं असतं तरी चाललं असतं, पण शेट आणि रीना उकळलेलंच पितात, म्हणून ती जाळ फुंकत बसली होती. मग ते कढत पाणी निवावं म्हणून या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतत राहिली. ओतण्याचा तो आवाज शेट ऐकत होते.

रीनाने पिशवी उघडली. “गेणूभाऊ, सकाळी काही खाल्लंय ना? मग ही गोळी घ्या. अंगदुखी पण थांबेल.”

गेणूने गोळी तळहातावर घेतली. शेटकडे एकदा पाहिलं. रागाने नाही, विचारल्यासारखं. मग त्याने गोळी तोंडात टाकली आणि तांब्या उचलला.

“गेणू, थुंक ती!” शेट ओरडले.

सगळे दचकले. शेट उभे होते. पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे जे होतं तेच बाहेर आलं. “त्याला काही झालेलं नाही. कौलं बदलत होता तो आत्ता. मी त्याला बोलावलंच नाही. मला पुढे चालायचं होतं. वाट त्याचीच घेतली, पौषात येऊन, कशासाठी ते त्याला न सांगता. आणि ताप मी लावला त्याला, एसटी स्टँडवर.”

शेट गुरुजींच्या टोमण्याची वाट बघत राहिले. आज तो आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. गुरुजी आपल्या गुडघ्याकडे बघत बसले.

गेणूने गोळी थुंकली. घोंगडी काढून घडी घातली.

“येऊ नको म्हनला असता शेट, तर मी आलो असतो व्हय?”

“तू रागावला असतास.”

“रागावलो असतो की. दोन दीस. मग बाजारला आलो असतो, तुमच्याकडं च्या पिलो असतो, मिटलं असतं.” त्याने घोंगडी परत दोरीवर टाकली. “तवा मी हर वळनाला थांबत व्हतो. तुमी दमता, पन बसत न्हाई. मला वाटलं, त्या बटनाच्या निमतानं तरी टेकाल.”

कुशाबाईने पाणी आणलं. ते त्यांनी प्यायलं, कारण नाही म्हणण्याचा हक्कही आपल्याला उरलेला नाही असं त्यांना वाटलं.

गेणूने मंडळींना डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडलं. पुढे तो, सगळ्यांत मागे शेट. गाडी आल्यावर गेणूने गुरुजींना हात देऊन वर चढवलं, रीनाला “जपून जा ताई” म्हणाला, आणि शेटची पिशवी मुकाट्याने खिडकीतून आत दिली.

घरी पोचल्यावर शेट जेवले नाहीत. दिवस अजून होता, तरी जेवले नाहीत. झमकूबाईंनी कारण विचारलं नाही, म्हणजे रीनाने सांगितलेलं दिसत होतं. शेटनी मढला फोन लावला. कुशाबाईने उचलला.

“पोचलो आम्ही,” शेट म्हणाले. “गेणूला द्या जरा.”

“निजलाय तो.”

मागून गेणूचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. म्हशीला सरक म्हणत होता.

“बरं,” शेट म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, “ताप आहे का?”

“हाय की,” कुशाबाई म्हणाली. “आता खरा आलाय.”

“कधी उतरेल?”

“ते मी कसं सांगू शेट,” कुशाबाई म्हणाली. “तुमीच येऊन बघा.”