स्पिरिटमध्ये पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच—कारण हे तिच्याबद्दलच आहे.

जामखेडला माझं सुतारकामाचं दुकान आहे. कपाटं, दिवाण, देव्हारे करतो. माझ्या सांध्यात कागदसुद्धा सरकत नाही. हे मीच सांगतो, दुसरं कुणी सांगत नाही—तेच तर माझं दुखणं. लाकूड निवडायचं मी, रंधा मारायचा मी, आणि शेवटी पॉलिश करायची सुमन, माझी बायको. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं ती फळीवर हात फिरवत राहायची. गिऱ्हाईक आलं की सांधे बघायचं? छे! पॉलिशवरून तळवा फिरवायचं. "मिस्त्री, कपाट तुमचं, पन हात वहिनींचा हाय!"

मी हसायचो. आतून जळायचो. स्वतःच्या बायकोवर कुणी जळतं का? शेजारचा मिस्त्री असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग खर्ड्याच्या एका गुरुजींनी मुलीच्या लग्नासाठी सागवानी कपाट सांगितलं. मापं, नक्षी सगळं माझ्याशी ठरवलं आणि निघताना म्हणाले, "पॉलिश मात्र वहिनींच्याच हातचं पाहिजे."

कसं सांगू... तिच्या स्पिरिटच्या बाटलीत मी पाणी ओतलं. ती आत चहा ठेवत होती—माझ्यासाठीच.

पाण्यानं लाख पांढरी पडते, हे मला ठाऊक होतं. सागावर दुधाळ डाग उठले. तिनं घासून काढले, पुन्हा बोळा फिरवला, पुन्हा डाग. घाबरून मला विचारलं, "स्पिरिटच खराब असंल का वो?"

तिथं तरी थांबता आलं असतं ना? मी म्हणालो, "न्हाई. नवीनच आणलंय."

गुरुजी टेम्पो घेऊन आले तेव्हा ती दाराआड उभी होती. मी त्यांची समजूत घातली, कपाट खरवडलं, दुसऱ्या बाटलीतलं स्पिरिट घेऊन स्वतः पॉलिश केलं. "माझा हातच गेला," असं म्हणून ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला—हो, तेही केलं.

त्यानंतर तिनं बोळा हातात घेतला नाही. वर पाहुण्यांना कौतुकानं सांगते, "ह्यांनी निभावून नेलं, मला एका शब्दानं बोलले न्हाईत." मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, किती साधा माणूस.

परवा लेक माहेरी आली, कोरा चौरंग घेऊन. "आई, तूच कर पॉलिश, पयल्यासारखं." सुमननं फळीवर तळवा ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. मग चौरंग माझ्याकडे सरकवला. "ह्यांना दे. माझ्या हातनं बिगडंल."

मी घेतला.