दसऱ्याचं सोनं आणि सर्व्हरची खोली

दसऱ्याला कुणी सोनं द्यायला आलं की मी आधी त्याच्या गळ्याकडे बघते. ओळखपत्र लटकतंय की नाही ते. सगळ्या नातेवाइकांना माझी ही खोड ठाऊक आहे. एकदा तर माझी जाऊ दारातच आधारकार्ड पुढे करून उभी राहिली आणि मी ‘बरोबर आहे’ म्हटल्यावरच आत आली. तिला वाटलं तिने माझी थट्टा केली. मी फोटो खरंच ताडून बघितला होता.

अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे. परभाषेतल्या मालिका मराठीत बोलत्या करायच्या, हा आमचा धंदा. मी संवाद लिहिणाऱ्यांची मुख्य. कुठेच न दाखवलेले भाग आमच्याकडे महिना-महिना आधी येतात, त्यामुळे एखादा जरी बाहेर फुटला तरी वाट लागली. दुसऱ्या एका स्टुडिओतून असाच एक शेवटचा भाग फुटला आणि आठवड्याभरात घराघरातल्या फोनवर फिरला. मग आम्हाला काम देणाऱ्या कंपनीने सगळ्यांनाच दम भरला. प्रत्येक ठिकाणी एक सुरक्षा प्रमुख नेमा. येत्या महिन्याभरात आमचा माणूस न सांगता येईल आणि आत घुसायला बघेल. त्याने तुमच्या सर्व्हरला स्वतःचा पेनड्राइव्ह लावून दाखवला, तर तुमचं काम बंद. काम बंद म्हणजे आमचा विभाग बंद आणि चौदा माणसं घरी.

सुरक्षा प्रमुख मी झाले, कारण निवड झाली त्या वेळी मी मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडले होते. परत आले तर मालकांनी पेढा दिला. अर्धं तोंड बधिर होतं, नाही म्हणता आलं नाही.

मी एकदा मनावर घेतलं की लोकांचा छळ होतो, हे मला मान्य आहे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. तोवर अर्ध्या स्टुडिओचा पासवर्ड एका देवाचा होता आणि उरलेल्यांचा त्याच देवाच्या दुसऱ्या नावाचा. नवे पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहीनात, म्हणून लोकांनी ते आमच्या मावशींना सांगून ठेवले. मावशी खारदांड्याच्या कोळीण. घरी मासळीचा धंदा सुनेच्या हाती दिलेला, आणि स्टुडिओत चहापाणी बघायच्या. बाजाराचे भाव पाठ असणाऱ्या बाईला चौदा पासवर्ड म्हणजे काहीच नाही. सकाळी कुणीतरी ओरडायचं, “मावशी, माझा काय आहे गं?” आणि त्या पँट्रीतून खणखणीत आवाजात सांगायच्या, आकड्यांसकट. खालचा पानवालासुद्धा ऐकायचा. मी डोकं धरून बसायचे.

कंपनी मधूनमधून खोटे ईमेलही पाठवायची, कोण फसतंय ते बघायला. ‘आपलं पार्सल अडकलं आहे, इथे पत्ता भरा.’ आमच्यातल्या बहुतेकांनी पत्ता भरला. मालकांनी दोनदा भरला, कारण पहिल्यांदा पिनकोड चुकला होता. मी संतापून सगळ्या भिंतींवर पोस्टर लावली. त्यावर हुडी घातलेला, तोंड झाकलेला, काळोखात लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस होता आणि खाली मी स्वतः लिहिलेली ओळ होती: ‘अनोळखी माणसाला कार्ड विचारा.’ त्यानंतर सगळे जण हुडीवाल्याची वाट बघू लागले. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंधेरीत हुडी घालून कोण येणार, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

दसरा उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला सुट्टी नसते, मालिका सणासाठी थांबत नाहीत. पण सकाळी यंत्रांची पूजा होते आणि ती साग्रसंगीत होते. माइक, मिक्सर, कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. सर्व्हरचा मान सगळ्यात मोठा. त्याची खोली काचेची, तिला अंगठ्याचं कुलूप, आणि तो अंगठा फक्त माझा आणि मालकांचा. त्या दिवशी मी मावशींना ताट घेऊन आत नेलं आणि त्यांनी सर्व्हरला पाच बोटं ओढली. मी बाहेर येऊन दार लावलं. मावशी आत रांगोळीचा ठिपका नीट करत राहिल्या.

तेवढ्यात तो आला. तिशी ओलांडलेला, खादीचा कुर्ता, कपाळाला टिळा, हातात आपट्याच्या पानांची परडी. गेटवर त्याने वॉचमनला सोनं दिलं. वॉचमनने त्याला मिठी मारली. रिसेप्शनवर दिलं, तिथे त्याला पेढा मिळाला. रेकॉर्डिंगच्या खोलीत दोन कलाकार भांडत होते, त्यांना दिलं तर त्यांचं भांडण मिटलं. आता मला सांगा, सोनं द्यायला आलेल्या माणसाला कार्ड कोण विचारतं? तुम्ही विचाराल?

मग तो माझ्यासमोर आला, पान हातात दिलं, ‘ताई, सोन्यासारख्या राहा’ म्हणाला आणि वाकून पाया पडला. अगदी टेकून. माझा मुलगा परदेशात असतो. दसऱ्याला तो मला फोनवर पानाचं चित्र पाठवतो, हलणारं, चमचमणारं. कितीतरी वर्षांनी माझ्या पायाला कुणाचा तरी हात लागला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “सुखी राहा रे. दरवर्षी येत जा.”

“ताई, मशीनलाही एक पान वाहतो की,” तो म्हणाला.

मी अंगठा लावला. कुलूप उघडेना, कारण अंगठ्याला हळद होती. मी पदराला पुसून पुन्हा लावला. तरी नाही. यंत्र बिचारं जीव तोडून मला नाही म्हणत होतं. मी अंगठा तोंडात घालून ओला केला, खसखसून पुसला आणि तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा कुठे दार उघडलं. “ये,” मी म्हटलं.

तो आत गेला, पान वाहिलं, नमस्कार केला. मग कुर्त्याच्या खिशात हात घालून तो सर्व्हरकडे झुकला आणि लगेच मावशींची आरोळी ऐकू आली.

“ए बाबा! हात नको लावू त्याला!”

“मावशी, फक्त एक छोटं—”

“छोटं नाय नि मोठं नाय! पूजा झालेली हाय, दिसत नाय डोल्यांनी? आमच्या घरी पूजा केलेला कोयता आज कुणी उचलत नाय. सुनेला विचार, आज मासली बंद हाय. उद्या ये नि काय लावायचं ते लाव.”

“पण मॅडमनीच आत सोडलं मला.”

“मॅडमला काय कललंय!” त्यांनी त्याच्या हातातून ते छोटं काहीतरी काढून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि सर्व्हरपुढे पाटावर ठेवलं. “ह्ये पण मशीनच ना? याची पण पूजा करते.” त्यांनी त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि वर पळीभर पाणी सोडलं. तो पेनड्राइव्ह होता. पाणी त्याच्या टोकातून आत शिरताना मी डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथल्याच खुर्चीवर बसले.

अर्ध्या तासाने तो मालकांच्या केबिनमध्ये कंपनीचं पत्र दाखवत होता. तीन दारं त्याने हसतखेळत ओलांडली होती, पण पेनड्राइव्ह काही लागला नव्हता. आम्ही काठावर पास झालो. चौदाच्या चौदा माणसांची नोकरी वाचली आणि मालकांनी मावशींना साडी घेतली. रिपोर्ट मात्र आठवड्याने आला आणि मालकांनी तो सगळ्यांसमोर, थांबून थांबून, मराठीत करून वाचला. ‘पासवर्ड: ठीक. कुलपं: ठीक. सर्वांत कच्चा दुवा: सुरक्षा प्रमुख. कारण: नमस्कार केल्यास आशीर्वाद देतात आणि दार उघडतात.’

सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले. पण घरी जाईपर्यंत मला इतका राग आला की मी ते पान देवघरातून काढून कचऱ्यात टाकलं. फसवलं याचा राग नव्हता, ते त्याचं कामच होतं. तो नमस्कार कामाचा भाग होता, हे मला लागलं होतं. थोड्या वेळाने मी ते पान उचलून, धुऊन, परत ठेवलं. का ते विचारू नका.

पुढच्या वर्षी मी नियम केला: सोनं द्यायचं-घ्यायचं ते गेटबाहेर. दसऱ्याच्या दुपारी वॉचमनचा फोन आला. “मॅडम, तो गेल्या वर्षीचा सोनंवाला आलाय. आत सोडत नाही म्हटलं तर बोलतो, मॅडमला फोन लावा.”

“ताई,” पलीकडून आवाज आला, “यंदा टेस्ट नाहीये. ती नोकरी सोडली मी. तुम्ही दरवर्षी ये म्हणालात ना, म्हणून आलो. पानं आरेच्या जंगलातून आणलीयत, ताजी आहेत.”

टेस्ट करायला आलेला माणूस अगदी हेच म्हणाला असता. मी फोनवर हात दाबून धरला. मावशी पँट्रीतून बघत होत्या.

“काय करू हो मावशी?”

“तू जा खाली,” त्या म्हणाल्या. “हितं मी हाय.” आणि त्या स्टूल ओढून सर्व्हरच्या दाराला पाठ लावून बसल्या.

मी जिना उतरून खाली गेले. तो वाकायला लागला तसं मी म्हटलं, “थांब. आधी कार्ड.” त्याने निमूटपणे लायसन्स काढून दिलं. मी नाव वाचलं, फोटो बघितला, तोंड बघितलं, लायसन्स परत केलं. मग तो वाकला आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, चांगला दोन्ही हातांनी. आम्ही गेटबाहेर उभ्याउभ्या कटिंग चहा प्यायलो. वर चल असं मी म्हटलं नाही, त्यानेही विचारलं नाही. तो खरंच सहज आला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. रिपोर्ट अजून तरी आलेला नाही.