रे रोडच्या चढावर टर्बो

रे रोडला माझ्या भावोजींची गाड्या दुरुस्त करण्याची शेड होती आणि मी तिथे फिटर होतो. समोर लाकडाची वखार. वखारीच्या शेठनी लिलावातून एक जुना शेतीचा ट्रॅक्टर आणला होता. त्याला ट्रॉली जोडून शिवडीच्या गोदामांतून ओंडके ओढायचे. सपाट रस्त्यावर बरा चालायचा. पुलाचा चढ लागला की धापा टाकून मध्येच उभा. मग हमाल उतरून चाकांमागे ठोकळे लावणार आणि मागून येणारे बैलगाडीवाले त्यांच्याकडे बघून हसत पुढे जाणार.

"मिस्त्री, काहीतरी औषध दे ना याला," शेठ म्हणाले.

औषध मला ठाऊक होतं. गोदीत भराव टाकणाऱ्या एका बुलडोझरवर मी टर्बोचार्जर पाहिला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळणार आणि ताकदही जास्त. तसाच एक लहान टर्बो मला भंगारात मिळाला. भावोजींनी तो हातात घेऊन फिरवून बघितला.

"इंजिन म्हातारं आहे रे. झेपेल त्याला?"

"झेपेल. तुम्ही बघाच."

टर्बो साफ करायला मी लालबागला घरी नेला आणि गॅलरीत रॉकेलच्या घमेल्यात बुडवला. बायको बाहेर आली.

"ही गोगलगाय खयसून हाडलात?"

आकार खरंच तसा होता. शेजारपाजारचे जमले, हसले. मला हसू आलं नाही. रॉकेलच्या वासाने त्या दिवशी कोणाला धड जेवण गेलं नाही, त्याची बोलणी मात्र मी खाल्ली.

टर्बो बसवायला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळा नवा ओतून घ्यायला हवा होता. लाकडी साचा बनवून मी परळच्या एका फाउंड्रीत दिला. ओतायच्या दिवशी हरताळ. पुढच्या खेपेला रस्त्यात अश्रुधूर, फाउंड्रीला कुलूप. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत मीही जात होतो, घसा बसेपर्यंत घोषणा देत होतो. मुंबई आपल्याला मिळाली पाहिजे असं मनापासून वाटत होतं. पण मोर्चातून परतताना त्याच बंद दारासमोर आलो की डोकं फिरायचं. चिडायचं तरी कोणावर? एकदाचा नळा ओतला गेला, तो निघाला पोकळीचा, बिडात हवेचे फुगे राहिलेले. कानशीने घासायला गेलो तर नळ्यालाच भोक. पुन्हा ओतायला टाकला, पुन्हा वाट.

शेठ रोज शेडच्या दारात. "मिस्त्री, माझा ट्रॅक्टर म्हातारा होता, तू तर पार झोपवला!"

शेवटी सगळं जुळलं. टर्बोच्या बेअरिंगला तेलाची नळी दिली, पंपातून येणारं डिझेल वाढवलं आणि इंजिन चालू केलं. धडधडीवर एक बारीक शिट्टी चढत गेली. ट्रॉली भरून आम्ही पुलावर घातली आणि ट्रॅक्टर न थांबता वर गेला. हमाल ओरडले, शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी भावोजींकडे पाहिलं. ते इंजिनाकडे कान देऊन उभे होते.

दोन-चार खेपा झाल्या आणि भर पुलावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, उडालं. गरम पाणी, वाफ, मागे गाड्यांची रांग, शिव्या. गॅस्केट बदललं. परत उडालं. हेड घासून सपाट करून आणलं, ते आवळणारे स्टड नवे घातले. आठवड्याच्या आत पुन्हा तेच. जोर वाढला होता, पण तो धरून ठेवायची कुवत त्या इंजिनात नव्हती.

"काढ तो," भावोजी म्हणाले.

"फक्त एकदा. डिझेल थोडं कमी करून बघतो."

"तू इंजिनाशी भांडतोयस की माझ्याशी?"

मी पाना आपटला आणि पुन्हा ट्रॅक्टरखाली शिरलो.

डिझेल कमी करत करत इंजिन सांभाळलं, पण तोवर मिळवलेली बहुतेक ताकद परत गेली होती. पूर्वी अर्धीच भरलेली ट्रॉली कशीबशी चढायची, आता त्याहून जरा जास्त, इतकंच. शेठनी एक चक्कर मारून बघितली आणि विचारलं, "यासाठी एवढं सगळं?"

पुढे त्यांनी लॉरी घेतली. ट्रॅक्टर पनवेलकडच्या एका भातशेतकऱ्याला विकला. तो घ्यायला आला तेव्हा शिट्टी ऐकून बिचकला.

"हे काय वाजतंय?"

मी सांगितलं. चिखलणीला एवढा जोर लागतो का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही लागत.

"मग काढूनच द्या."

नळा तापून तापून इतका जाम झाला होता की एकही नट सरळ सुटेना. मी हातोडी घेतली तेवढ्यात भावोजी आले. दुसरा पाना त्यांनी पलीकडून धरला. आम्ही दोघांनी घाम गाळत तो टर्बो उतरवला, जुना नळा परत चढवला. ट्रॅक्टर चालू झाला, त्याच जुन्या आवाजात. शेतकरी खूश होऊन घेऊन गेला. मी हात धुवायला नळावर गेलो. काळं कितीतरी वेळ निघत नव्हतं आणि मी उगाचच जोरजोरात घासत राहिलो.