डेअरीच्या टीव्हीवरच्या बोटी

दूध घालून झालं की माणसानं घरी जावं असा काही नियम नाही. तसा असता तर माझ्याकडं सांगायला एकही किस्सा उरला नसता. बावीस वर्षं मी आमच्या गावच्या दूध डेअरीत सेक्रेटरी आहे. गाव उंब्रजपासून आत. सकाळी साडेसहाला मशीन चालू करायचं, फॅट बघायची, पावती फाडायची आणि मग रिकाम्या किटल्या पायाशी ठेवून बाकड्यावर बसलेल्या मंडळींची मतं ऐकायची. पगार पहिल्या कामांचा मिळतो, दमायला होतं ते शेवटच्या कामानं!

मतं सगळ्यावरच असतात. पण गेलं वर्षभर आमच्या डेअरीत चर्चा चालली ती समुद्राची. आता समुद्र आणि आमच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. निम्म्या गावानं समुद्र बघितलेला नाही. पण दूध संघानं जनावरांच्या आजारांची माहिती दाखवायला म्हणून भिंतीवर एक टीव्ही लावून दिला. त्यावर पहिल्या दिवसापासून बातम्याच लागल्या, आणि बातम्यांत त्या बोटी आल्या. रबरी बोटी, त्यात काठोकाठ माणसं, पोटासाठी युरोपात निघालेली. झालं, बाकड्याला विषय मिळाला.

*

टीव्हीचा रिमोट सुभेदारांकडं असतो. सुभेदार तात्या फौजेतून रिटायर होऊन आले त्याला वीसेक वर्षं झाली, पण ताठ चालणं आणि हुकूम देणं दोन्ही शिल्लक आहे. स्क्रीनवर बोट दिसली की ते टीव्हीलाच हुकूम द्यायचे, "माघारी फिरवा!"

रोज. मी फॅट बघतोय आणि कानात "माघारी फिरवा!" एकदा तर मी दचकून तपासलेली किटली परत तपासायला घेतली.

त्यांच्या शेजारी बसतात शिवाजीआण्णा. आण्णांनी मालवाहू जहाजावर तीस वर्षं आचाऱ्याचं काम केलं. समुद्र बघितलेला बाकड्यावरचा हा एकमेव माणूस, आणि समुद्रावर सगळ्यात कमी बोलणारा. एक दिवस मात्र त्यांनाही असह्य झालं.

"तात्या, ही बोट लोकांला दिसती कवा? तिचं डिझेल संपल्यावर. माघारी फिरवायची म्हणला तर आदी तुमालाच डिझेल घालाय लागंल!"

सुभेदारांनी रिमोट टीव्हीवर रोखला.

"मग घाला की! घाला आन् फिरवा!"

*

आण्णांच्या जहाजानं एकदा अशी माणसं उचलली होती. हे आम्हाला कळायला पंधरा वर्षं लागली, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

जहाजावर म्हणे दोन तट पडले होते. एक साहेब म्हणत होता, बघितलं नाही असं दाखवू आणि पुढं जाऊ, उशीर झाला तर कंपनी आपल्याला धरेल. कॅप्टन म्हणाला, बघितलंय तर बघितलंय. शिडी सोडली. बायका, पोरं, म्हातारी, मिळून पन्नासेक माणसं वर आली. आण्णांना विचारायला कुणी आलं नाही. त्यांना फक्त सांगण्यात आलं की पन्नास पानं वाढली!

"मग तुमचं मत काय होतं, आण्णा?" मी विचारलं.

"माझं मत काय आसणार? डाळ भिजत घातली."

पुढं बंदरानं त्या माणसांना उतरवून घ्यायला नकार दिला. अकरा दिवस जहाज बंदराबाहेर उभं. ती माणसं अडकली, तशी जहाजावरची ही पण अडकली. कुणालाही खाली पाय ठेवायची परवानगी नाही. "तवा आमीबी त्यांच्यातलंच झालो," आण्णा म्हणाले.

त्या पन्नासांत एक शाळामास्तर होता. अकरा दिवस त्यानं आण्णांची भांडी घासली. उतरायच्या दिवशी त्यानं आण्णांचा हात धरला, डोळ्यात पाणी आणलं आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "फूड व्हेरी गुड. सॉल्ट, लिटल."

"चार दिवस खाऱ्या पाण्यात काढलं गड्यानं," आण्णा म्हणाले, "तरी माझ्या आमटीला मीठ कमी!"

*

आता शालनकाकींचं सांगायला पाहिजे. त्यांचं सांगायचं म्हणजे आधी ओढ्यापलीकडचं सांगायला लागतं.

ओढ्यापलीकडं धरणग्रस्तांची वसाहत आहे. कोयनेच्या खोऱ्यात यांची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा सरकारनं यांना इथं आणून बसवलं. त्याला साठ वर्षं झाली. तिथं जन्मलेल्या पोरांना नातवंडं झाली. तरी गावात त्यांचं नाव 'धरणवाले'च. जत्रेत देवाची पालखी ओढ्याच्या पुलापर्यंत जाते आणि वळते. वसाहतीतल्या बायका ताटं घेऊन पुलावर येतात आणि तिथंच ओवाळतात. का, तर पहिल्या वर्षी तसं झालं म्हणून.

एका ग्रामसभेत वसाहतीतल्या शालनकाकी नळाच्या पाण्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. सुभेदार म्हणाले, "भायेरच्यांनी मधी बोलू नये."

काकी म्हणाल्या, "आवं तात्या, तुमी फौजंत हुता तवा मी हितं नांदाय आले. गावात माझी हजेरी तुमच्यापेक्षा जास्ती भरंल!"

सभा हसली. पाणी काही मिळालं नाही.

*

नवरा गेल्यावर काकींनी दोन म्हशींवर घर चालवलं आणि पोराला, महेशला, आयटीआयला घातलं. पोरगं वेल्डिंग शिकलं. साताऱ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलं. दर अकरा महिन्यांनी नारळ, मग पुन्हा नवा कंत्राटदार. सहा वर्षं असं झाल्यावर त्याला एक एजंट भेटला. युरोपात जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर पाहिजेत म्हणाला.

महेश निघाला त्या आठवड्यात एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये गॉगल घातलेला महेश, मागं विमान, आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो. आमच्याकडं शुभेच्छुकांना विचारून फोटो टाकायची पद्धत नाही. त्यामुळं पहिल्याच ओळीत सुभेदार, फौजेच्या टोपीत!

सुभेदार फ्लेक्स बघून माझ्याकडं आले. मला वाटलं आता भडकणार.

"सेक्रेटरी, फोटो जुना टाकलाय रं त्येंनी," ते म्हणाले. "मिशी बारीक दिसती."

*

दोन महिन्यांनी काकी दूध घालून थांबल्या. बाकीचे हलेपर्यंत पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "महेशचा फोन आल्ता. कुठल्या वाळूच्या मुलखात ठेवलंय म्हणं त्यास्नी. पासपोर्ट एजंटानं काढून घेतलाय. तिथनं म्होरं बोटीनं जायचंय म्हणाला."

मी पावतीपुस्तक मिटलं.

"बोट मोठी आसती न्हवं, सेक्रेटरी? आण्णांच्या बोटीवानी?"

"मोठीच असते," मी म्हणालो.

बावीस वर्षांत मी एकाही किटलीची फॅट खोटी सांगितली नाही. त्या दिवशी हे सांगितलं आणि दिवसभर मला स्वतःची लाज वाटत राहिली.

त्यानंतर महेशचा फोन बंद झाला.

*

याच दिवसांत माझे व्याही मुक्कामाला आले. ते सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. तिकडच्या घराघरांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली. व्याही चाळीस वर्षं तमिळ मुलखात आहेत. सकाळी हौसेनं माझ्याबरोबर डेअरीत आले. टीव्हीवर बोट दिसली. सुभेदारांचा हुकूम सुटला. व्याह्यांना जोर चढला.

"बरोबर हाय सुभेदारांचं! भायेरची मानसं घुसली की गावाचं गावपन जातं. आपला मुलूख सोडून मानसानं जावंच कशाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्याही पाच मिनिटं फडाफडा तमिळमध्ये बोलले, हसले, कुणावर तरी ओरडले. फोन ठेवून मला म्हणाले, "उद्याच निघाय पायजे. आमच्या गावात देवळाच्या कमिटीची मीटिंग हाय, माझ्याबिगर अडलंय."

"विट्याला?" मी विचारलं.

"विट्याला काय हाय?" व्याही म्हणाले. "आमच्या गावात!"

आण्णा टीव्हीकडं बघत राहिले. मला हसायलाही त्राण नव्हतं.

*

महेशचा फोन बंद होऊन एकोणीस दिवस झाले. एव्हाना गावाला सगळं कळलं होतं. रोज सकाळी काकी यायच्या, किटली टेबलावर ठेवायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. जसं काही महेशची खबर माझ्याच मशीनमध्ये उमटणार आहे. मी पावती द्यायचो. दुसरं काय देणार!

या दिवसांत डेअरीत एक गोष्ट कुणी न ठरवता सुरू झाली. काकी पायऱ्या चढताना दिसल्या की सुभेदार टीव्हीवरच्या बातम्या बदलायचे. कधी भजन, कधी स्वयंपाकाचा कार्यक्रम. एकदा घाईत इंग्लिश कुस्ती लागली. सगळे मन लावून कुस्ती बघतायत आणि काकी किटली मोकळी करतायत. "माघारी फिरवा" हा हुकूम बंद पडला होता. सुभेदार नुसते घसा खाकरायचे.

विसाव्या दिवशी टीव्हीवर कुणी बाई मोदकांना कळ्या पाडत होती. काकी जाता जाता थांबल्या.

"तात्या, बातम्या लावा."

"कशाला गं त्या? रोजचंच रडगाणं."

"लावा. मला महेश कुठं दिसला तर तिथंच दिसंल."

सुभेदारांनी बातम्या लावल्या. काकी रिकामी किटली धरून उभ्याच राहिल्या. बोट आली, उलटलेली. पाण्यात माणसं. कॅमेरा वरून, त्यामुळं सगळ्यांची नुसती डोकीच दिसत होती. काकी पुढं होऊन एकेक डोकं बघू लागल्या.

आण्णा हळूच म्हणाले, "ही बोट जुनी हाय, शालन. गेल्या सालची बातमी हाय."

मला माहीत आहे, ती ताजी होती.

*

सव्विसाव्या दिवशी सकाळी काकींचा फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. त्यांचे हात दुधानं माखलेले, म्हणून मी उचलला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर दाढी वाढलेला, गालफडं बसलेला एक माणूस, खांद्यावर राखाडी ब्लँकेट.

"आई," तो म्हणाला, "जित्ता हाय."

किटली कुणाची कलंडली ते मी बघितलं नाही. पंधरा-वीस माणसं माझ्या टेबलाभोवती जमली. काकींनी फोनवरनं, म्हणजे महेशच्या तोंडावरनं, ओल्या हातानं बोटं फिरवली. फोन दुधानं बरबटला. मी तो शर्टाला पुसून परत धरला.

महेश भराभर सांगत होता. बोट फुटली. मोठ्या जहाजानं उचललं. आता एका छावणीत आहेत. शेजारी हिंदी येणारी एक दुभाषी मॅडम आहे, तिनं तिचा फोन दिलाय, पाच मिनिटंच बोलायचंय.

"पण आई, आमाला माघारी पाठवणार हायत. कागद चाललेत."

वर्षभर रोज सकाळी "माघारी फिरवा!" ऐकलेली ही माणसं. कुणी मुद्दाम वळून बघितलं नाही, पण सगळ्यांची नजर सुभेदारांकडंच गेली.

"पाठवू द्यात की!" काकी ओरडल्या. "आज बसवत्याल का रं? उद्या?"

"येऊन काय करू आई?" महेश रडायला लागला. "पुन्ना अकरा महिनं? पुन्ना नारळ? एवढं मरून हितवर आलो..."

"दे हिकडं," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातातनं काढून घेतला. समोर धरला. ताठ उभे राहिले. "म्हेशा, त्या मॅडमला दे."

पडद्यावर केस मागं बांधलेली एक थकलेली बाई आली.

"मॅडम, जयहिंद," सुभेदार फौजी हिंदीत सुरू झाले. "लडका मेहनती है। वेल्डिंग जानता है। इसको वापस मत भेजो। इधर काम नहीं है। रख लो।"

"आवं तात्या, गप बसा!" काकींनी त्यांचा हात खाली ओढला. "मॅडम, धाडा त्याला! ऐकू नका ह्येंचं! पोरगं येऊ द्या माझं!"

"शालन, तू मधी बोलू नगं! त्याच्या जल्माचा प्रश्न हाय!"

"माझं पोरगं हाय ते!"

फोन कधी सुभेदारांचं तोंड दाखवत होता, कधी काकींचं, कधी डेअरीचा पत्रा. ती बाई दोघांचं ऐकून घेत होती. मग तिनं महेशला काहीतरी विचारलं आणि महेश पुन्हा पडद्यावर आला. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम विचारत्यात, ह्ये बोलणारे आपल्या घरातले हायत का? म्हणत्यात, घरच्यांचंच ऐकता येतंय. भायेरच्याचं लिवून घेत न्हाईत."

काकी सुभेदारांकडं बघत होत्या.

सुभेदारांनी टोपी सारखी केली.

"सांग तिला, चुलता हाय," ते म्हणाले. "सख्खा!"